बसल्याच्या खुणा

जगातल्या वस्तू दोन प्रकारच्या असतात: वापरायच्या आणि असायच्या. वापरायच्या वस्तू झिजतात, फुटतात, शेवटी भंगारात जातात आणि पुढे कोणी त्यांचं नाव काढत नाही. असायच्या वस्तू नुसत्या असतात. त्यामुळे त्या टिकतात, टिकल्यामुळे जुन्या होतात, जुन्या झाल्यामुळे मौल्यवान ठरतात, आणि मौल्यवान ठरल्यामुळे त्यांना हात लावायची सोय उरत नाही. हाच नियम माणसांना लावून पाहावा असं काही थोर लोकांच्या मनात येतं, पण घरात तेवढी जागा कुठे असते?

डॉक्टरांच्या घरात ती होती.

डॉक्टर दातांचे होते. उभा जन्म लोकांच्या तोंडात वाकून पाहिल्यावर त्यांचा एक निष्कर्ष पक्का झाला होता, की वस्तूचा खरा शत्रू तिचा मालक. दात मुळात उत्तम असतो. माणूस त्याने चावायला लागतो आणि मग तो बिघडतो. जे दाताचं तेच कपाचं आणि तेच खुर्चीचं. या तत्त्वावर त्यांनी शोभेच्या जुन्या कलावस्तूंचा जो संग्रह उभा केला, त्याला जाणकार लोक खासगी संग्रह म्हणत. (खासगी अशासाठी, की तो घरातल्या माणसांनाही वापरता येत नसे.)

त्या घरात एकवीस खुर्च्या होत्या आणि बसायला एक स्टूल. घड्याळं भिंतभर होती, पण वेळ शेजारी जाऊन विचारावी लागे, कारण चालणारं घड्याळ आतून झिजतं. सोनेरी काठाचे चिनी मातीचे कप इतके, की अख्ख्या गल्लीला एका दमात चहा पाजता आला असता. घरचा चहा मात्र काचेच्या ग्लासातून व्हायचा, तोही स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. मीनाकाम केलेल्या तपकिरीच्या डब्या होत्या. तपकीर ओढणारं घरात कोणी नव्हतं, हे डब्यांचं भाग्य. आरसेही पुष्कळ होते, पण त्यांत फार वेळ पाहू नये असा संकेत होता. सारखं पाहिल्याने पारा उडतो, असं डॉक्टरांचं मत होतं आणि ते खोडून काढण्याइतकं रसायनशास्त्र घरात कोणाला येत नव्हतं. प्रत्येक खुर्चीवर एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत लाल रेशमी दोरी बांधलेली असे. नवीन पाहुण्याला वाटायचं, आज काही उद्घाटन आहे.

या सगळ्याची देखरेख डॉक्टरांच्या पत्नी करत. त्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. लग्न करून त्या आल्या तेव्हा घरात तीनच खुर्च्या होत्या, म्हणजे रोग प्राथमिक अवस्थेत होता. पुढे तो बळावत गेला आणि त्या पिसांच्या झाडणीने तो रोज पुसत राहिल्या. मुलं दोन. थोरला उभ्या उभ्या पाढे शिकला आणि धाकटी जमिनीवर पालथी पडून कविता. दोघांनाही चांगलं वळण लागलं, असं येणारेजाणारे म्हणत. खरोखरच दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर ती दोघं, बसा असं तीनदा सांगितल्याशिवाय बसत नसत, आणि बसली की उठत नसत.

थोरला पोटात असतानाची गोष्ट. झाडणी फिरवताना डॉक्टरीणबाईंना एकदम चक्कर आली. हाताशी खिडकीजवळची खुर्ची होती, काळ्या शिसवीची, हातांवर शिंपल्याचं जडावकाम, बैठकीला फिकट हिरवं रेशीम. दोरी सोडण्याइतकंच भान राहिलं होतं, ती सोडली आणि त्या बसल्या. आकाश काही कोसळलं नाही. उलट त्यांच्या असं ध्यानात आलं, की ही वस्तू ज्या कारागिराने घडवली त्याने ती बसण्याच्याच हेतूने घडवली होती. पाठ जिथे दुखते नेमकी तिथे खुर्ची पुढे आलेली होती. घरात एवढा मोठा शोध लागला आणि तो सांगायला कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून प्रघात पडला. डॉक्टर दवाखान्यात गेले, मुलं शाळेत गेली, की दोरी सुटे. सोनेरी काठाच्या कपात चहा होई. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, पाय जमिनीला पोचत नसत, म्हणून टाचा खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीवर अडकवायच्या. खिडकी डावीकडे, म्हणून डावीकडे रेलायचं. कप खुर्चीच्या डाव्या हातावर, वर्तमानपत्र मांडीवर. डॉक्टर यायच्या आत कप धुऊन कपाटात, दोरी जागच्या जागी, गाठ हुबेहूब तशीच. हे चाळीस वर्षं चाललं. (दवाखान्याच्या सुट्ट्या, मुलांचे गोवर-गालगुंड, आणि बहिणीकडे जायचा गुरुवार वगळून.)

रात्री डॉक्टर दात तपासायचा छोटा आरसा घेऊन संग्रहाची फेरी मारत. टेबलांच्या खाली, कपांच्या कडांवर, डब्यांच्या बिजागऱ्यांत तो आरसा फिरे. खिडकीजवळच्या खुर्चीवरून मात्र तो भराभर पुढे जाई. डॉक्टरीणबाईंना वाटे, वय झालं, नजर कमी झाली. त्या खुर्चीची एकच तक्रार होती: शुक्रवारी सकाळी तिच्या बेचक्यात बिस्किटाचा चुरा सापडे. उंदराचं काम. त्यांनी पिंजरा लावला, पिंजरा बदलला, आतलं आमिष बदललं. उंदीर इतका पोचलेला निघाला, की एकदाही सापडला नाही.

मग डॉक्टर गेले. झोपेत गेले, कोणाला त्रास दिला नाही आणि कशाला हातही लावला नाही. वर्षभराने मुलांनी ठरवलं, की संग्रहाचा लिलाव करावा.

लिलाव ही संस्था फार थोर आहे. वाटणी करायची म्हटली, की भावंडांतलं एक कोणीतरी दुखावतं. लिलावात सगळी सारखीच दुखावतात आणि वर टाळ्या पडतात. शिवाय घरच्या वस्तूची किंमत घरच्यांना कधीच कळत नसते. ती कळण्यासाठी परक्या माणसाने दुसऱ्या परक्या माणसाच्या नाकावर टिच्चून ती मागावी लागते. हे तत्त्व लग्नाच्या बाजारात फार पूर्वीच सिद्ध झालेलं आहे.

डॉक्टरीणबाईंची लिलावाला हरकत नव्हती. एकवीस खुर्च्या, भिंतभर घड्याळं, गल्लीला पुरतील इतके कप, सगळं गेलं तर घरात मोकळं चालता येईल, याचा त्यांना मनातून आनंदच होता. त्यांना खिडकीजवळची ती एक खुर्ची तेवढी हवी होती. पण ती का हवी, हे सांगायचं म्हणजे चाळीस वर्षांचं झाकलेलं उघडं करायचं. पोरांनी उभ्याने अभ्यास केला आणि आई बसली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ही मूठ उघडली असती तर आतून खुर्ची निघाली असती.

तेवढ्यात थोरल्याने आपण होऊन सांगितलं, की आईने बाबांची आठवण म्हणून एक वस्तू ठेवून घ्यावी, हवी ती. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं. पण सूनबाई आदराच्या बाबतीत फार चपळ होत्या. त्या म्हणाल्या, आईंना काय हवं ते आम्हाला ठाऊक नाही का? बाबांचा सगळ्यांत जास्त जीव कशावर होता? जीव होता तो जिन्याजवळच्या फुलदाणीवर. ती सूनबाईंच्या खांद्याला लागे, तिच्यावर दोन अजगर एकमेकांना गिळत होते, आणि तिच्यात कधी फूल घातलेलं कोणी पाहिलं नव्हतं. गेलेल्या नवऱ्याचा जिच्यावर जीव होता ती वस्तू नको म्हणायची पद्धत अजून निघालेली नाही. धाकटीने डोळे पुसले. फुलदाणी राहिली.

नंतर लिलावगृहाचे तज्ज्ञ आले. ते पांढरे हातमोजे घालूनच आले. (झोपतानाही काढत नसावेत, असा सूनबाईंचा अंदाज.) प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून ते आधी डोळे मिटत, मग उघडत आणि मग एखादा शतकाचा आकडा सांगत. डॉक्टरीणबाईंनी वेळ साधून, सहज बोलल्यासारखं, खिडकीजवळची ती खुर्ची काही खरी नाही, असं सुचवलं. जाऊ दे ती, लिलावात नाक कापलं जाईल. वाजतेसुद्धा.

"वाजते? कधी वाजते?"

"म्हणजे, वाजत असावी. कोणी बसलं तर."

तज्ज्ञांनी गुडघे टेकले. भिंग काढलं, बॅटरी काढली, बराच वेळ ते खुर्चीखाली होते आणि बाहेर नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. उठले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"या खुर्चीत कोणीतरी बसलेलं आहे."

खोलीत प्रेत सापडल्यासारखे सगळे खुर्चीकडे बघू लागले. थोरला घाईघाईने म्हणाला, की आमच्याकडे कोणी बसत नसे, बाबांचा नियमच होता. तज्ज्ञ हसले. तुमच्याकडे नव्हे हो, दीड-दोनशे वर्षांपूर्वी. मग त्यांनी समजावून सांगितलं, की त्यांच्या शास्त्रात झीज दोन प्रकारची मानतात. साध्या माणसाने वापरल्याने होते ते नुकसान, आणि बड्या माणसाने वापरल्याने होतो तो इतिहास. नुकसानाने किंमत उतरते, इतिहासाने चढते. दोन्ही दिसायला सारखीच असतात. फरक ओळखण्यासाठीच तर तज्ज्ञ लागतात.

हा इतिहास होता. बसणारी एक स्त्री होती, बांधा लहान, पाय जमिनीला न पोचणारे. पुढच्या दांडीवर दोन ठिकाणी टाचांनी पॉलिश पार उडालेलं. ती नेहमी डावीकडे रेलत असे. आणि डाव्या हातावर कपाचं वर्तुळ उठलेलं होतं, वर्षानुवर्षं एकाच जागी.

"हे साध्या बाईचं काम नव्हे," तज्ज्ञ म्हणाले. "साधी बाई कप हातातच धरून घोट घोट उरकते, तिला उठायचं असतं. ही उठलेलीच नाही. हिला हाक मारायची कोणाची छाती नव्हती. मोठ्या सरदाराची बायको असणार. असा निवांतपणा एका पिढीत येत नाही, मुरावा लागतो."

डॉक्टरीणबाई ओट्याला टेकायच्या सवयीने दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. त्यांच्या बसण्याचं इतकं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. पण कौतुकाच्या प्रत्येक वाक्यागणिक खुर्ची हातातून सुटत चालली आहे, हेही त्यांना दिसत होतं. खुर्चीचा भाव तिथल्या तिथे दुप्पट लावण्यात आला आणि तिला कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर घ्यायचं ठरलं. धाकटीने आईला बजावलं, की आता लिलाव होईपर्यंत तू तिच्या आसपास फिरकू नकोस, झाडणीसुद्धा नको, सरदारबाईंच्या खुणा पुसल्या जातील. म्हणजे आता नुसती दोरीच नव्हे, मुलगीही आडवी आली.

फोटो काढायच्या दिवशी तज्ज्ञ पुन्हा आले आणि या खेपेला त्यांना दुसरा माणूस सापडला.

खुर्चीच्या पाठीच्या वरच्या भागात डोक्याच्या तेलाचा डाग होता. तिथे त्या लहान बाईचं डोकं पोचणं शक्य नव्हतं. म्हणजे उंच पुरुष. उजव्या हाताच्या कडेला बारीक टोच्यांची रांग होती. विचारात असताना हातातल्या टोकदार वस्तूने ठोकत राहायची सवय, बहुधा खंजीर. शिवणीत चिमटा घालून त्यांनी एक कण काढला आणि उजेडात धरला. कसलं तरी भाजलेलं खाद्य होतं. हा पुरुष म्हणजे सरदार स्वतः. पण तो क्वचित बसे.

"क्वचित म्हणजे किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तज्ज्ञांनी तिरकं पाहून हिशेब केला. झीज बाईसाहेबांच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकी.

डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि स्टुलावर बसल्या. सातवा हिस्सा. आठवड्यातला एक दिवस. गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असे, आणि गुरुवारी दुपारी त्या बहिणीकडे जात. शुक्रवारी सकाळी चुरा सापडे. दात कोरायचं टोकदार हत्यार कोटाच्या वरच्या खिशात ठेवायची डॉक्टरांची सवय तर जगजाहीर होती. जेवतानाही ते ताटाच्या कडेवर ठोकायचे.

समोर भिंतीवर डॉक्टरांचा फोटो होता. डॉक्टरीणबाईंना आधी राग आला, आणि तो आतून हळूहळू वर आला, तापलेलं दूध येतं तसा.

"एकवीस खुर्च्या होत्या घरात," त्या फोटोला म्हणाल्या. "तुम्हाला नेमकी माझीच सापडली?"

फोटो नेहमीप्रमाणे उजवीकडे पाहत होता.

"आणि मी त्या उंदराला काय काय बोलले."

मग त्यांना हसू आलं. बाहेर फोटोवाल्याचे दिवे लागत होते, सूनबाई कोणाला तरी जपून जपून म्हणत होत्या, आणि आत डॉक्टरीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. दिवसभर वाकून उभं राहणारा माणूस. पाठ त्यांचीही दुखत असणारच. दुखत होती तर सांगायचं होतं. आणखी एक दोरी सोडली असती, समोरासमोर बसलो असतो. पण ज्याने नियम केला त्यानेच तो मोडला, हे बायकोला सांगायचं म्हणजे दातांच्या डॉक्टरने स्वतःचे दात किडल्याचं सांगण्यासारखं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो त्यांनी इतरांना पुष्कळ दिला होता. स्वतः मात्र गुरुवारी गुरुवारी बिस्किटं खात होते.

आता मात्र डॉक्टरीणबाई मोकळ्या झाल्या. ज्यांच्यापासून लपवायचं तेच गुन्ह्यात सामील निघाले होते. त्यांनी ठरवलं, सांगून टाकायचं. त्यांचा विचार सरळ होता: बसणारी बाई साधी निघाली, की इतिहासाचं नुकसान होईल, नुकसान झालं, की भाव कोसळेल, आणि भाव कोसळला, की खुर्ची घरी.

तोपर्यंत कॅटलॉग छापून आला होता. पहिल्याच पानावर खुर्ची आणि खाली मजकूर: अज्ञात सरदारपत्नीची खासगी खुर्ची. पती-पत्नी दोघांच्याही बसल्याच्या खुणा, परंतु एकमेकांच्या नकळत, वेगवेगळ्या वेळी. दांपत्यात काही दुरावा असावा, असं मानण्यास जागा आहे. काळाच्या पोटात दडलेली एक मूक शोकांतिका.

धाकटी ते वाचून हुंदके देत होती.

"किती एकटी असेल गं ती, आई."

"एकटी कसली? खुर्ची चांगली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि मग सगळ्यांच्या देखत, तज्ज्ञही तिथे असताना, त्यांनी स्वच्छ सांगितलं, की ती बाई मी. टाचा माझ्या, कप माझा. तो सरदार म्हणजे तुमचे बाबा, आणि तो खंजीर त्यांच्या कोटाच्या खिशातला.

खोलीतली सगळी माणसं त्यांच्याकडे फार मायेने बघू लागली. सूनबाईंनी पाणी आणलं. थोरला हलक्या आवाजात म्हणाला, की बाबा गेल्यापासून हिला झोप नाही. तज्ज्ञ अनुभवी होते. असं पुष्कळ घरांत होतं, ते म्हणाले. वस्तू जाताना पाहवत नाही, मग माणूस तिच्याशी आपलं नातं जोडतो. एका घरात तर एका आजोबांनी तोफ आपणच उडवली होती असं सांगितलं होतं. राग मानू नका बाई, पण ही बसण्याची ऐट आज कोणात असणार? तुम्हाला तर आम्ही एकदाही बसलेलं पाहिलं नाही.

"मग आत्ता बसून दाखवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खुर्चीकडे निघाल्या.

तज्ज्ञ, थोरला आणि धाकटी, तिघंही एकदम आडवी आली.

"बसू नका. बसल्याच्या खुणा बिघडतील," तज्ज्ञ म्हणाले.

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. ते आजही कोणापाशी नाही. तज्ज्ञांनी हा प्रसंगही वाया जाऊ दिला नाही: संग्राहकाच्या पत्नीला सरदारपत्नीशी असं गूढ नातं जाणवत असे, अशी एक ओळ त्यांनी कॅटलॉगसोबतच्या पुरवणीत घातली आणि भाव आणखी चढवला.

राहिला एकच मार्ग. आपली वस्तू कोणाला काही न समजावता परत मिळवायची, तर ती परक्यासारखी विकत घ्यायची. लिलावाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी लिलावगृहाच्या दारातल्या मुलीकडे बोलीची पाटी मागितली. मुलीने फार गोड शब्दांत नियम सांगितला. इथे कोणीही बोली लावू शकतं, मालक सोडून. (मालकाला वस्तू हवी असेल तर त्याने ती विकू नये, अशी यामागची भूमिका आहे. तिच्यात दोष काढता येत नाही.) पाटीऐवजी त्यांना एक गुलाब आणि पहिल्या रांगेतली लोखंडी घडीची खुर्ची मिळाली. ती खरंच वाजत होती.

सभागृह भरलं होतं. पुकारणारा हातोडा घेऊन उभा. घड्याळं गेली, आरसे गेले, तपकिरीच्या डब्या गेल्या. तपकीर ओढणारं कोणीच दिसत नव्हतं, तेव्हा त्या योग्य हातीच गेल्या. मग खुर्ची आली. दोघांनी ती उचलून आणली, तिच्यावर नवी दोरी होती आणि वरून प्रकाशझोत. लोक उभे राहून बघू लागले. मागणी सुरू झाली आणि भराभर चढली. शेवटी बटणांचा कारखाना असलेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे बटणशेठ म्हणत होते, आणि टेलिफोनवरचा कोणी एक, असे दोघंच उरले. टेलिफोन दमत आला. हातोडा वर गेला, पुकारणाऱ्याने एकवार म्हटलं, दोनवार म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी हात वर केला.

तो नुसता वर नव्हता, ताठ होता. शाळेत उत्तर येणारी मुलगी करते तसा. पुकारणाऱ्याने त्यांना पाहिलं आणि हातोडा खाली घेतला. नियमाप्रमाणे ही बोली धरता येत नव्हती, आणि त्या वयाच्या बाईला सगळ्यांसमोर हात खाली घ्या असंही सांगता येत नव्हतं. पण त्याचं आयुष्य अशा क्षणांवरच चाललेलं होतं. तो लवून म्हणाला, की संग्राहकांच्या पत्नी आपल्या लाडक्या खुर्चीला निरोप देत आहेत.

टाळ्यांचा कडकडाट झाला. काही बायका रडल्या. डॉक्टरीणबाईंचा हात वरच होता. जितका वेळ तो वर राहिला तितक्या टाळ्या वाढत गेल्या, शेवटी त्यांनी तो खाली घेतला. या निरोपाने टेलिफोनवरच्या माणसालाही गहिवरून आलं असावं, कारण त्याला एकदम बळ आलं आणि मागणी आणखी तीन पायऱ्या चढली. खुर्ची मिळाली बटणशेठांनाच, पण पूर्वी मिळाली असती त्यापेक्षा बरीच महाग. त्यांनी उठून डॉक्टरीणबाईंना वाकून नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले. नमस्कार करणाऱ्याला काय बोलणार?

सामान बांधायची खोली मागच्या बाजूला होती. सगळे चहाला गेल्यावर डॉक्टरीणबाई शेवटचं बघून घ्यावं म्हणून तिकडे गेल्या. खुर्चीजवळ एक बाई उभी होती. मध्यम वयाची, अंगावर चांगली साडी, आणि एक पाय हलकेच उचलून दुसऱ्या पायावर भार देणारी. बटणशेठांची बायको. तिने सांगितलं, की यांच्या संग्रहातली ही सर्वांत भारी वस्तू. काचेची खोली बांधून घेतली आहे.

"आणि बसायला?"

"बसायला कुठलं, काकू? आमच्याकडे कशालाच हात लावायचा नसतो."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"आमच्याकडेही नसायचा," त्या म्हणाल्या. "शेठ कारखान्यात कधी जातात?"

"सकाळीच. चांगले सात-आठ तास घरी नसतात."

"मग डावीकडे रेलून बसत जा. त्या बाजूचा हात भक्कम आहे. मागचा पाय वाजतो, त्याच्याखाली कागदाची घडी घाल. दोरीची गाठ सोडण्याआधी नीट बघून ठेवायची, उलटी बांधली की कळतं." त्यांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. "आणि आठवड्यातनं एक दिवस तू बाहेर जात जा. बहिणीकडे म्हण, कुठे म्हण."

"ते कशाला?"

"पाठ सगळ्यांनाच असते, बाई."

बटणशेठांच्या बायकोने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग तिने हात पुढे केला आणि त्या लिलावगृहात पहिल्यांदाच, हातमोज्याशिवाय, खुर्चीच्या डाव्या हातावरच्या वर्तुळावरून बोट फिरवलं.

संग्रहाचे जे पैसे आले त्यांतून मुलांनी आईला पहिली गोष्ट कोणती घेतली असेल, तर बसायला सोफा. त्या दिवशी लोखंडी खुर्चीवर अवघडून बसलेली आई धाकटीला बघवली नव्हती. सोफा मोठा होता, तिघं ऐसपैस बसतील असा, अबोली रंगाचा. जाडजूड प्लास्टिकच्या आवरणात तो आला आणि अजगरांच्या फुलदाणीशेजारी ठेवण्यात आला. थोरला प्लास्टिक काढायला वाकला तेव्हा सूनबाईंनी त्याचा हात धरला.

"राहू द्या हं, आई, ते वरचं. फिका रंग आहे, डाग पडेल. चांगला आहे तोवर चांगला राहू दे."

थोरल्याला ते पटलं. धाकटीलाही पटलं. उभ्याने वाढलेली मुलं. रक्तात असतं ते जातं कुठे? सगळ्यांनी आळीपाळीने बसून पाहिलं, प्लास्टिक कर्रकर्र वाजलं, आणि आईची सोय झाली या समाधानात सगळी आपापल्या घरी गेली. मुलं दर रविवारी येतात. सोफा अजून कोरा आहे हे बघून त्यांना बरं वाटतं. आई वस्तू जपते, बाबांचं वळण, असं ती एकमेकांना सांगतात.

प्लास्टिकची मागची शिवण डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी उसवली. तिथे त्यांनी छान टिचबटणं लावून घेतली आहेत. (चांगल्या कारखान्याची आहेत. कोणी तरी पुडकं पाठवलं, सोबत चिठ्ठी नव्हती.) सोमवार ते शनिवार आवरण घडी करून फुलदाणीत असतं, आणि त्या डावीकडे रेलून बसतात.

असल्या हकिगती वाचून काहींच्या मनात येतं, की लोकांच्या घरी काय काय चालतं. आपल्याकडे बरं आहे, आपल्या घरातल्या चांगल्या वस्तू घेतल्या तशाच्या तशा आहेत, त्यांना कोणी बोटही लावत नाही. अशांचं मनःपूर्वक अभिनंदन. प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, जो बाहेर पडल्यावर बाकीचं घर खाली बसतं. तुमच्या घरातला तो कोण, हे आता कळलं.